गोकुळची नोंद

१ जानेवारी २०२५, बुधवार

खताच्या दुकानदाराने ही डायरी फुकट दिली. वर युरियाच्या पोत्याचं चित्र आहे. ते मी कॅलेंडरचा कागद लावून झाकलं, कारण आत जे लिहिणार आहे ते गंभीर आहे.

प्रथम लिहिणाऱ्याची माहिती, म्हणजे पुढे कुणी वाचलंच तर घोटाळा नको. शमुवेल दावीद रणपिसे, राहणार सणसर, तालुका इंदापूर. वय अडुसष्ट. साखर कारखान्यात तेहेतीस वर्षं चिटबॉय, म्हणजे कुणाचा ऊस कधी तुटणार याची चिठ्ठी ऊसतोड टोळीच्या हातात देणारा माणूस. शिवाय आमच्या चोवीस घरांच्या ख्रिस्ती मंडळीचा सव्वीस वर्षं सचिव.

काल वर्षअखेरच्या उपासनेत नव्या पाळकबाईंनी उपदेशात सांगितलं की माणसाचं तारण त्याच्या कृत्यांनी होत नाही. ते देवाच्या कृपेनं, विश्वासानं, फुकट मिळतं. 'फुकट' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला आणि दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून वापरला. आमच्या लीलाबाईचं, म्हणजे बायकोचं, म्हणणं, त्या घड्याळाकडे बघत होत्या आणि घड्याळ माझ्या डोक्यावर आहे. घड्याळ मीच दिलेलं आहे, खाली नाव आहे, त्यामुळे फरक पडत नाही.

सकाळी चहा घेताना सगळं आठवून पाहिलं. देवळाची बाकं बारामतीहून ट्रॅक्टरवर मी आणली. कबरस्तानाला कुंपण मी घातलं. नाताळचा तारा दर वर्षी बांबूवर मी चढवतो. गेल्या वर्षी उतरताना पडलो, तरी यंदा चढवला. आणि या पाळकबाई, एकतीस वर्षांच्या वृषाली उजागरे, ज्या ऑक्टोबरात स्कूटीवरून आल्या, त्या म्हणतात फुकट.

म्हणून ठरवलं, आपली सत्कृत्यं रोज लिहून ठेवायची. बढाई म्हणून नव्हे. कारखान्यात नियमच होता, नोंद नाही तर तोड नाही. वरही काही पद्धत असणारच.

५ जानेवारी, रविवार

उपासनेनंतर पाळकबाईंना बाजूला घेऊन विचारलं की मग मी बाकं आणली ती कशासाठी. त्या म्हणाल्या, "बसायला, तात्या." आणि एका बाकावर बसल्यासुद्धा.

मग त्यांनी समजावलं की चांगली कामं करायचीच, पण ती तारण मिळवण्यासाठी नाहीत, मिळालेल्याचा आनंद म्हणून. ऊस गोड असतो म्हणून रस गोड निघतो, रस काढल्यामुळे ऊस गोड होत नाही. मी त्यांना साखर उताऱ्याची टक्केवारी सांगितली आणि लागणीचा ऊस नि तोडीनंतर पुन्हा फुटणारा खोडवा यांत काय फरक पडतो तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुण्यात शिकलेल्या बाईला उसाचं काय कळणार.

९ जानेवारी, गुरुवार

आजची कृत्यं. कॅनॉलच्या पुलावरचा दगड बाजूला केला. मंडळीतल्या एका म्हाताऱ्याला थंडीची सोलापुरी चादर दिली. गोकुळच्या एकराला पाणी दिलं. गोकुळ माझा धाकटा भाऊ. अठरा वर्षं तो जमिनीकडे फिरकलेला नाही, मीच सांभाळतो. ऊस यंदा डोक्याच्या वर गेला आहे.

संध्याकाळी लीलाबाईनं हे पान वाचलं. चादर तिच्या माहेरची होती म्हणे. मी म्हणालो, अर्धं कृत्य तुझ्या नावावर लिहितो. ती म्हणाली, माझी चादर आणा.

१६ जानेवारी, गुरुवार

पाळकबाईंना बाप्तिस्म्याची यादी खुपते. ही पद्धत मी बसवलेली आहे. ज्याला बाप्तिस्मा घ्यायचा त्यानं आधी नाव नोंदवायचं, बारा रविवार हजेरी, आठ धडे पाठ, आणि किमान सहा सत्कृत्यांचा दाखला पंचाच्या सहीनिशी. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे आम्ही पाच जण. मग ईस्टरला, नोंदीच्या क्रमानं. उसाचा तोडणी कार्यक्रम असाच चालतो आणि त्यावर तालुका उभा आहे.

त्या म्हणाल्या, हे सगळं काढून टाका, ज्याचा विश्वास आहे त्याला पाणी द्या. मी म्हणालो, विश्वास मोजायचा कशानं. त्या म्हणाल्या, मोजायचा कशाला.

पंचांची सभा लावली. आधी सगळ्यांना भजी खाऊ घातली. पद्धत आहे तशी राहिली.

२२ जानेवारी, बुधवार

दुपारी साखरबाई आली, पळसदेवहून दोन एसट्या बदलून. ही पळसदेवला मासे विकते आणि गोकुळ तिच्याच पत्र्याच्या घरात राहतो. त्यांचं नातं काय ते मी कधी विचारलं नाही आणि लीलाबाईनं विचारलं तेव्हा साखरबाई म्हणाली होती, "ऱ्हातो."

गोकुळची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. बारामतीच्या दवाखान्यातून घरी न्यायला सांगितलं. आणि आता त्याला बाप्तिस्मा हवा आहे.

इथं खुलासा करायला हवा. आमच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, गोकुळ तीन. तो पळसदेवला आजोळी होता आणि मामानं त्याला पाठवलं नाही. म्हणून मी शमुवेल झालो आणि तो गोकुळ राहिला. पंधराव्या वर्षी सणसरला आला तो जुगार, दारू आणि दुसऱ्याच्या बागेतली डाळिंबं यांची आवड घेऊनच. देवळात यायचा तो नाताळच्या जेवणाला. एका सप्टेंबरात त्यानं आमच्या देवळाचा लाउडस्पीकर शेजारगावच्या गणपती मंडळाला विकला. मंडळीतल्या लोकांनी आमचाच लाउडस्पीकर मिरवणुकीत ओळखला, कारण त्यावर माझं नाव होतं.

साखरबाईला मी पद्धत समजावली आणि तिच्यासमोर वही काढून नाव लिहिलं. क्रमांक नऊ, आजची तारीख. तिनं विचारलं, ईस्टर कधी. मी म्हणालो, वीस एप्रिल.

"तवर त्यो ऱ्हाईल का?" ती म्हणाली.

मी म्हणालो, ते देवाच्या हातात. ती चहा न घेता गेली. सख्ख्या भावाचंही नाव मी शेवटीच लिहिलं, वर घेतलं नाही. हे आजच्या कृत्यांत धरायला हरकत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

पाळकबाई मला न विचारता काल पळसदेवला जाऊन आल्या. स्कूटीवर, एकट्या. गोकुळला तिथल्या तिथे बाप्तिस्मा द्यायची त्यांची तयारी होती, आणि हे त्या मला तोंडावर सांगतात. पण गोकुळनंच नको म्हटलं. दादा आल्याशिवाय घेत नाही, म्हणाला.

मला समाधान वाटलं. शेवटी का होईना, त्याला पद्धतीची किंमत कळली. पाळकबाई मात्र म्हणाल्या, "तात्या, त्याला पद्धत नकोय, तुम्ही हवे आहात." मी म्हणालो, सचिव म्हणजेच पद्धत. हंगाम संपता संपता एखादा दिवस मोकळा झाला की जाईन.

४ फेब्रुवारी, मंगळवार

साखरबाईबरोबर गोकुळसाठी बाप्तिस्म्याचा फॉर्म पाठवला होता, तो आज ती भरून घेऊन आली. नाव बरोबर आहे. हजेरीच्या रकान्यात 'न्हाय'. धडे, 'न्हाय'. सत्कृत्यांच्या रकान्यात 'काय न्हाय'. अक्षर साखरबाईच्या पुतणीचं आहे.

मी साखरबाईला म्हटलं, माणूस बासष्ट वर्षं जगला, एखादं तरी चांगलं काम केलं असेल, जरा आठव. ती पायरीवर बसून खरंच आठवू लागली. लीलाबाईनं पाणी आणलं, ते प्याली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मला कदी मारलं न्हाय."

हे सत्कृत्य नव्हे, सत्कृत्याचा अभाव नसणं आहे, किंवा तसंच काही. मी 'अपूर्ण' असा शेरा मारला. साखरबाई म्हणाली, तो म्हणतो खोटं लिहू नका. मी म्हटलं, खोटं कोण लिहितंय, पण कोरा फॉर्म कोणत्या कचेरीत चालतो?

जाताना लीलाबाईनं तिला पिशवीभर ज्वारी दिली. कुणाच्या नावावर, ते विचारलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आजची कृत्यं लिहीत होतो. लीलाबाई भाजी निवडत होती. खाली मान घालूनच म्हणाली, "रोज लिवताय ते बरंय. मग त्ये सालबी लिवा की."

मी विचारलं, कुठलं साल. तिनं मेथीच्या काड्या उचलल्या आणि आत गेली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज काहीही कृत्य नाही. डोकं दुखतं.

ठीक आहे, लिहितो. २००६-०७ चा हंगाम. त्या वर्षी ऊस इतका झाला होता की कुणाला आवरत नव्हता, आणि चिठ्ठी म्हणजे जीव की प्राण. गोकुळच्या एकराची पाळी जानेवारीत होती. आधीच्या सप्टेंबरात लाउडस्पीकरचं झालेलं. पंचांनी मला उभं करून विचारलं होतं, लोक हसले होते, आणि मी ठरवलं की याला जरा शिस्त लागायला हवी. मी त्याची चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी घातली. ती वर आली की पुन्हा तळाशी. असं तीन-चारदा.

ऊस मेपर्यंत उभा राहिला. तुरे येऊन वाळला, निव्वळ पाचट झालं. गोकुळ रोज माझ्या घरी यायचा. "दादा, माजी पाळी कवा?" विचारायचा आणि मी म्हणायचो, नियमानं येईल. एके दुपारी त्यानं स्वतःच फड पेटवला आणि पळसदेवची एसटी धरली. नंतर त्याच्या एकरात मी लागण केली.

कुणाला कळलं नाही. सख्ख्या भावाचाही ऊस याने पुढे घेतला नाही, असं म्हणून लोकांनी उलट माझं नाव केलं. निवृत्तीच्या सत्कारातसुद्धा ते बोलले गेले. मी खाली बघत होतो आणि लोकांना वाटलं, माणूस किती नम्र आहे.

हे पान मी फाडणार होतो. पण मागच्या बाजूला नऊ जानेवारीपासूनची कृत्यांची उजळणी आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

साखरबाईचा फोन. गोकुळचे पाय सुजले आहेत, जेवण सुटलं. तो काही मागत नाही, पण एसटी थांबल्याचा आवाज आला की दाराकडे बघतो.

मी बारा दिवस विचार करतो आहे. माफी मागावी का? माफी मागणं सत्कृत्यात बसतं, पण त्याला पंचाची सही लागते, आणि सहीसाठी पंचाला कशाची माफी ते सांगावं लागेल. ते जमणार नाही.

मग दुसरा मार्ग सुचला आणि इतका सोपा की आधी का सुचला नाही याचं नवल वाटलं. गोकुळचा फॉर्म मीच भरायचा. हजेरीच्या वहीत त्याला बारा रविवार हजर दाखवलं, शेवटच्या बाकावर. धडे पाठ. आणि सत्कृत्यांसाठी माझ्या यादीतली सहा उचलून त्याच्या नावावर लिहिली: बाकं, कुंपण, तारा, पुलावरचा दगड, चादर, आणि भावाची जमीन सांभाळणं. शेवटचं त्याला लागू पडत नाही हे सही केल्यावर लक्षात आलं, पण शाईनं लिहिलं होतं.

आयुष्यात पहिल्यांदा खोटी नोंद केली. म्हणजे, दुसऱ्यांदा. तरी आतून हलकं वाटलं. माझी सहा कमी झाली तरी माझ्याकडे पुष्कळ आहेत.

२ मार्च, रविवार

पंचांनी फॉर्म मंजूर केला. एकानं विचारलं, गोकुळनं कुंपण कधी घातलं? मी म्हणालो, तुम्ही तेव्हा बाहेरगावी होता.

पाळकबाईंनी फॉर्म वाचला, दोनदा वाचला, आणि कुंपणावरच्या पाटीकडे खिडकीतून पाहिलं. पाटीवर माझं नाव आहे. मला वाटलं, आता पंचांसमोर फाडतात. त्यांनी पंच गेल्यावर हळूच विचारलं, "तुमची कृत्यं त्याच्या नावावर लिहिलीत?"

मी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की काय कोण जाणे. म्हणाल्या, "तात्या, तुम्ही अगदी जवळ येऊन थांबलात हो. दुसऱ्याचं चांगलं आपल्या नावावर लागतं, मी इतके दिवस हेच तर सांगतेय. फक्त ते तुमचं नाही, ख्रिस्ताचं. आणि ते तुम्हालाही हवंय." मी म्हणालो, माझ्या फॉर्ममध्ये काही कमी नाही.

खोटा फॉर्म त्या स्वीकारणार नाहीत, फॉर्मच नको, असं त्यांनी सांगितलं. पण मी बरोबर येणार असेन तर सोळा तारखेच्या रविवारी पळसदेवला जाऊन बाप्तिस्मा द्यायचा, हे ठरलं. फॉर्म मी खिशात ठेवला. कागद जवळ असलेला बरा.

९ मार्च, रविवार

नवा सदरा इस्त्री करून आणला. सोळा तारखेसाठी. गोकुळला काय बोलायचं ते मनात दोन-तीनदा जुळवलं. लाउडस्पीकरपासून सुरुवात करावी असं वाटतं, म्हणजे दोघांचंही निघेल.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

हे संध्याकाळी साखरबाईच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. क्रमानं लिहितो.

सकाळी नऊला साखरबाईचा फोन. "आज या. रविवार लय लांब हाय." एवढंच बोलून तिनं ठेवला. पाळकबाईंना फोन लावला, त्या सभेसाठी पुण्यात. त्या म्हणाल्या मी निघते, पण आज रस्ते असे की तीन-चार तास लागतील, तुम्ही थांबू नका. मी इस्त्रीचा सदरा घातला आणि मोटारसायकल काढली.

भिगवणच्या अलीकडे पोरांनी गाडी अडवली. मी सांगितलं की मी ख्रिस्ती आहे आणि माझा भाऊ मरतो आहे. त्यांनी फक्त पहिलं ऐकलं आणि म्हणाले, मग तर लावायलाच पाहिजे, काका. पुढे आणखी दोन ठिकाणी तेच. पळसदेवला पोचलो तेव्हा सदरा गुलाबी, तोंड हिरवं आणि हात कोपरापर्यंत जांभळे होते.

गोकुळ खाटेवर होता. मी ओळखला नसता. हाडं आणि सुजलेले पाय. त्यानं डोळे उघडले, मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि हसायला लागला. हसताना त्याला धाप लागली, साखरबाईनं पाठ धरली, तरी हसतच होता. "दादा," म्हणाला, "कुनी केलं ह्ये?"

अठरा वर्षांनी मी त्याच्यासमोर उभा होतो, तोंड हिरवं करून. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. खिशातून फॉर्म काढला, तोही गुलाबी झाला होता, आणि त्याला वाचून दाखवला. सगळं मंजूर आहे, म्हटलं. तो डोळे मिटून ऐकत होता. कुंपण आलं तेव्हा त्यानं हात वर केला.

"ह्ये माजं न्हाय. तुजं हाय."

मी म्हटलं, असू दे, तुला देतो.

"मला तुजं कशाला?" तो म्हणाला. "त्या बाईनं सांगितलंय मला, कुनाचं लागतं ते. तू फकस्त ये म्हनलं हुतं."

मग मी ते बोललो. उभ्याउभ्याच, साखरबाईसमोर. चिठ्ठी मी तळाशी घातली होती, एकदा नव्हे, तीन-चारदा. रोज तू विचारायला यायचास तेव्हा ती गठ्ठ्यासकट माझ्या शर्टाच्या खिशात असायची. हे शेवटचं मी या डायरीतही लिहिलं नव्हतं.

गोकुळ म्हणाला, "मला ठावं हुतं. टोळीच्या मुकादमानं तवाच सांगितलं हुतं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीस, चारचौघांत माझी लाज का काढली नाहीस. त्यानं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली.

"तुजी नोकरी गेली आस्ती," तो म्हणाला. "आन् मीबी भोंगा इकला हुताच की. मी तवाच सोडलं, दादा. तूच धरून बसलास."

मी खाली बसलो. शेणानं सारवलेली जमीन होती, सदऱ्याचा विचार केला नाही. मला त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जमीन माग म्हणालो, ऊस तुझा आहे, तुटला की सगळा तुझा. त्याला हसू आलं. म्हणाला, मी कुठं न्यायचा. मी म्हणालो, मग मी काय करू, काहीतरी सांग. तो म्हणाला, पाणी दे.

साखरबाईनं प्यायचं पाणी आणलं. ते नव्हे, असं त्यानं मानेनं सांगितलं.

पुन्हा पाळकबाईंना फोन लावला. त्या हडपसरच्या पुढे कुठेतरी अडकल्या होत्या. त्यांना गोकुळचा श्वास ऐकवला. त्या म्हणाल्या, तात्या, तुम्हीच द्या. मी म्हणालो, मला अधिकार नाही, त्याला ठराव लागतो, निदान तीन पंच हजर लागतात. त्या म्हणाल्या, "पाणी आहे ना तिथे?" दारातून उजनीचं पाणी दिसत होतं, पार क्षितिजापर्यंत. मी म्हणालो, आहे. "मग झालं," त्या म्हणाल्या, "त्याला विश्वासाचं विचारा आणि द्या. अशा वेळी चालतं." काय विचारायचं ते त्यांनी सांगितलं, जणू सव्वीस वर्षं मी ते ऐकलेलंच नव्हतं.

साखरबाईनं माठातलं पाणी स्टीलच्या तांब्यात दिलं. मी गोकुळच्या डोक्याशी गेलो आणि विचारलं, येशू ख्रिस्त तुझ्यासाठी मेला आणि उठला, तो तुला तारतो, असा तुझा विश्वास आहे का?

"हाय," गोकुळ म्हणाला. एवढ्या सहज की मी थांबलो. मला वाटलं, पुढे काहीतरी म्हणेल. काही नव्हतं.

मी ओंजळीनं तीनदा पाणी घातलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. हाताचा रंग पाण्यात उतरला आणि त्याच्या कपाळावरून गुलाबी ओघळ कानामागे गेला. साखरबाई पुसायला पुढे झाली, त्यानं पुसू दिलं नाही.

मग त्यानं माझं मनगट धरलं. पकडीत काही जोर नव्हता.

"आन् तुजा?"

मी विचारलं, माझं काय.

"तुजा हाय का? इस्वास."

मी म्हणालो, अरे मी सव्वीस वर्षं सचिव आहे. बाकं... तो मान हलवत होता.

"त्ये न्हाय इचारलं."

आणि माझ्यापाशी काही निघेना. धडे मला आठच्या आठ पाठ आहेत. दर वर्षी ईस्टरला रांगेतल्या प्रत्येकाच्या मागे मी वही घेऊन उभा राहतो आणि हाच प्रश्न ऐकतो. मला तो विचारला गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि माझ्या वतीनं वडिलांनी उत्तर दिलं होतं. त्यानंतर कुणी विचारलं नाही. विचारणार कोण, वही माझ्याकडे होती.

मी रडलो. हे लिहायची लाज वाटते, पण लिहितो. अडुसष्ट वर्षांचा माणूस, हिरव्या तोंडानं, मासेवालीच्या घरात.

गोकुळनं मनगट सोडलं नाही. "बस," म्हणाला. "सवडीनं सांग."

पाळकबाई चार वाजता आल्या. त्यांनी प्रार्थना केली, त्याच्या तोंडाला भाकर आणि द्राक्षरस लावला, मलाही दिला. मला काही विचारलं नाही. मला ते त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं, मी त्यांच्याविरुद्ध भजी खाऊ घातली होती. लीलाबाई शेवटच्या एसटीनं येते आहे.

१५ मार्च, शनिवार

गोकुळ सकाळी साडेअकराला प्रभूत निजला. उद्या सणसरला माती. कबरस्तानाची जागा पंचांना विचारून ठरवायची असते, मी विचारलेलं नाही. वडिलांच्या शेजारी खणायला सांगितलं आहे.

सकाळी सहापासून मी त्याच्याजवळ होतो. वारा घालायला साखरबाई होती, पाय चोळायला लीलाबाई. मला कुणी काही काम दिलं नाही. मी नुसता बसून होतो.

दहाच्या सुमारास मी त्याच्या कानाशी वाकलो आणि काल त्यानं विचारलं होतं त्याचं उत्तर सांगितलं. एकच शब्द होता. त्याचे डोळे मिटलेले होते, श्वास लांबला होता. पापणी हलली नाही, हातही हलला नाही. मी वर बघून साखरबाईला विचारलं, ऐकलं असेल का यानं.

"आयकलं," ती म्हणाली.

कशावरून, ते मी विचारलं नाही.